रावळपिंडीच्या कैदेतून पलायन

युद्धकैदी वैमानिकाने शत्रूचेच विमान पळवावे, असे प्रसंग इतिहासात मोजकेच आहेत. सोव्हिएत वैमानिक मिखाईल देव्यातायेव ८ फेब्रुवारी १९४५ रोजी नऊ सहकैद्यांसह जर्मनांचे हाइंकेल बॉम्बर उडवून निसटला. त्याआधी, १९४० मध्ये, फ्रांझ फॉन वेरा हा जर्मन वैमानिक इंग्लंडमध्ये हरिकेनच्या कॉकपिटपर्यंत पोहोचला आणि तिथेच पकडला गेला. भारतीय हवाई दलातील सर्वांत गाजलेल्या पलायनात विमान नव्हते. मात्र पळणारे तिघेही वैमानिक होते आणि त्यांचा म्होरक्या मराठी होता.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर पारुळकर यांनी १९६५ च्या युद्धात हाताला गोळी लागलेली असतानाही आपले विमान तळावर परत आणले होते. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ पाकिस्तानात पाडले गेले आणि ते कैद झाले. शत्रूच्या हाती लागलोच तर पळून येऊ, हे त्यांनी युद्धापूर्वीच आपल्या वरिष्ठांना सांगून ठेवले होते. रावळपिंडीच्या छावणीत हवाई दलाचे बारा कैदी होते; विंग कमांडर बी. ए. कोएल्हो त्यांत सर्वांत ज्येष्ठ. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, पण कैद्यांच्या सुटकेचा प्रश्न लोंबकळतच राहिला. पळण्याचा बेत पक्का व्हायला एवढे कारण पुरेसे होते.

पारुळकरांना एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोन साथीदार मिळाले. काटे-सुऱ्यांनी भिंतीच्या विटांमधला चुना रात्री-रात्री खरवडला गेला. वैमानिकाचा जी-सूट पाणी नेण्यासाठी कामी आला, सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र झाले, कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठले. दिशा मात्र भारताची नव्हती. पूर्वेकडची सरहद्द सैन्याने आणि सुरुंगांनी भरलेली, त्यामुळे खैबर खिंडीतून अफगाणिस्तान गाठायचे ठरले.

१२ ऑगस्टच्या रात्री वादळ आणि पाऊस सुरू झाला. पहारेकरी आडोसा शोधत असताना तिघे भिंतीच्या भोकातून बाहेर पडले आणि सिनेमा सुटलेल्या गर्दीत मिसळले. बसने पेशावर, तिथून पुढे जमरूद आणि सकाळी लंडीकोटल. अफगाण सरहद्द तिथून जेमतेम चार मैल उरली होती.

इथे नकाशाने दगा दिला. त्यांच्याजवळच्या नकाशावर लंडी खाना हे स्टेशन होते आणि तिथे कसे जायचे, असे त्यांनी बाजारात विचारले. ब्रिटिशांनी १९२६ मध्ये तिथवर नेलेली रेल्वे १९३२ मध्येच बंद पडली होती. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनची चौकशी करणारे परके लोक तहसीलदाराच्या कारकुनाला खटकले. त्या दिवसांत पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात पळत असत. हे त्यांच्यापैकीच, असा त्याला संशय आला. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे लोक आहोत, पारुळकर म्हणजे फिलिप पीटर, ही बतावणी तहसीलदारापुढे टिकेना. तेव्हा पारुळकरांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला फोन लावायला सांगितले. तो अधिकारी, उस्मान हमीद, पूर्वी त्यांच्याच छावणीचा प्रमुख होता. त्याने ‘आपलेच लोक आहेत’ असे सांगून त्यांना सांभाळून ठेवायला बजावले. संशयित म्हणून तिथल्या तिथे त्यांचा निकाल लागण्याची भीती होती, आणि ती या फोनमुळे टळली. एवढ्या कसोटीच्या क्षणी नेमका हा माणूस आठवणे ही पलायनाइतकीच मोठी हुशारी म्हणावी लागेल.

पळून जाण्याबद्दल त्यांना तीस दिवसांची एकांतकोठडी झाली. १९४९ च्या जिनेव्हा करारानुसार युद्धकैद्याला शिस्तभंगाची शिक्षा यापेक्षा जास्त दिवसांची देता येत नाही. पुढे सारे कैदी लायलपूरला हलवले गेले आणि १ डिसेंबर १९७२ रोजी वाघ्यामार्गे मायदेशी परतले. पारुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.