हुजूर पक्षाची गादी

लागोपाठ तीन निवडणुका हरलेल्या आर्थर बालफोर यांनी नोव्हेंबर १९११ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे नेतेपद सोडले, तेव्हा वारस निवडण्याचा लेखी नियम पक्षाकडे नव्हता. ऑस्टिन चेंबरलेन आणि वॉल्टर लाँग हे तुल्यबळ दावेदार फूट टाळण्यासाठी बाजूला झाले आणि कार्लटन क्लबातील बैठकीत, मतदान न होताच, बोनर लॉ यांच्या गळ्यात माळ पडली. ही घरगुती रीत पुढे अर्धशतक टिकली.

आता आपण ऑक्टोबर १९६३ मधल्या लंडनच्या एका रुग्णालयात येऊ. पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन शस्त्रक्रियेनंतर खाटेवर होते. मंत्री, खासदार, उमराव यांचा कल त्यांनी अजमावून घेतला, राणी एलिझाबेथ स्वतः तिथे आल्या आणि बटलर यांच्यासारखा मुरलेला मंत्री मागे राहून उमरावांच्या सभागृहातले लॉर्ड होम पंतप्रधान झाले. होम यांच्या मंत्रिमंडळात जायला नकार दिलेल्या इयन मॅक्लाउड यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘स्पेक्टेटर’मधून या ‘जादूच्या वर्तुळा’ची लक्तरे वेशीवर टांगली. तरीही नियम बदलायला पराभवच यावा लागला. ऑक्टोबर १९६४ मध्ये मजूर पक्ष निसटत्या बहुमताने जिंकला आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये होम यांच्याच कारकिर्दीत खासदारांच्या मतदानाची पद्धत आली. स्वतः मात्र त्या परीक्षेला न बसता ते जुलैत पायउतार झाले. एडवर्ड हीथ यांना १५०, मॉडलिंग यांना १३३ आणि इनॉक पॉवेल यांना १५ मते पडली.

मौज अशी की, गादीवर बसलेल्या नेत्याला आव्हान देण्याची सोय त्या नियमांत नव्हतीच. हीथ १९७४ मध्ये दोनदा हरूनही हटेनात, तेव्हा होम यांच्याच समितीने ती वाट मोकळी केली. ‘अ‍ॅलेकचा सूड’ असे तिचे नाव पडले; अ‍ॅलेक म्हणजे खुद्द होम. फेब्रुवारी १९७५ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी पहिल्या फेरीत हीथ यांना १३० विरुद्ध ११९ मतांनी मागे टाकले. पुढे १९९० मध्ये त्याच वाटेने त्यांना आव्हान द्यायला पक्षातलेच हेसेल्टाइन आले आणि पहिल्याच फेरीत निर्णायक विजयाला थॅचरबाईंना चार मते कमी पडली.

१९९७ च्या धूळधाणीनंतर विल्यम हेग यांच्या काळात शेवटचा कौल साध्या सभासदांकडे गेला: खासदारांनी दोघे निवडायचे, सभासदांनी त्यातला एक. २००१ मध्ये मायकेल पोर्टिलो एका मताने त्या जोडीबाहेर राहिले. सभासदांनी निवडलेल्या इयन डंकन स्मिथ यांना दोन वर्षांत खासदारांनीच ९० विरुद्ध ७५ मतांनी घरी पाठवले. नेमणारे एक आणि रोज सभागृहात मागे बसणारे दुसरे, हा पेच माझ्या मते तेव्हाच उघडा पडला होता. पण पद्धत टिकली. जुलै २०२४ मध्ये पक्षाचे १२१ खासदार उरले. मग झालेल्या नेतेपदाच्या निवडणुकीत खासदारांच्या तिसऱ्या फेरीत ३९ मतांनी आघाडीवर असलेले जेम्स क्लेव्हर्ली दुसऱ्याच दिवशी ३७ वर घसरून बाद झाले आणि नोव्हेंबरात सभासदांनी रॉबर्ट जेनरिक यांच्या ४१,३८८ मतांपुढे ५३,८०६ मते देऊन केमी बेडनॉक यांना निवडले.