पाळणा आणि मस्तकाचा आकार : वाशी परिसराच्या निमित्ताने

वाशी हे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली असलेल्या या मुलखाचा इतिहास बहुधा महसुली दप्तरे व राजकीय लढे यांच्या आधारे लिहिला जातो. तान्ह्या मुलाचे अंथरूण हेही ऐतिहासिक साधन होऊ शकते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

मूल उताणे निजवावयाचे, टाळू तेलाने भरावयाची, न्हाऊ घालताना तळहाताने डोक्यास गोलाई द्यावयाची, उशाला मोहरीची उशी ठेवावयाची आणि शेतावर गेल्यास झाडाला लुगड्याची झोळी बांधावयाची, ही मराठवाड्यातील खेड्यांची परिचित रीत. यांपैकी टाळू भरणे निश्चितच प्राचीन. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तेलात भिजविलेल्या कापसाने अर्भकाची टाळू झाकावयास सांगितले आहे.

या घरगुती रीतीचा वंशशास्त्राशी संबंध येतो तो असा. १९०१ च्या खानेसुमारीच्या निमित्ताने हर्बर्ट रिस्ले यांनी दख्खनच्या लोकांच्या रुंद मस्तकांवरून त्यांच्यात शक रक्ताचे मिश्रण असल्याचे अनुमान काढले. मस्तकाचा आकार ही वंशाची अढळ खूण होय, असे गृहीत धरल्यावाचून हे अनुमान उभेच राहत नाही. पुढे जर्मन प्रसूतिवैद्य वाल्शर यांनी अर्भके कुशीवर वा उताणी निजविल्याने डोक्याची ठेवण बदलते, असे दाखविले. फ्रान्झ बोआस यांना १९१२ च्या अभ्यासात अमेरिकेत जन्मलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची मस्तके आईबापांहून निराळी आढळली. इरावती कर्वे यांनी १९३० च्या सुमारास बर्लिन येथे केलेल्या प्रबंधात कवटीच्या दोन अंगांतील असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष काढला. तोही मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध! झोळीने शकसिद्धान्त खोडला असे म्हणणे मात्र उतावीळपणाचे होईल. प्रौढ मस्तकाची सारीच रुंदी काही पाळण्यात घडत नाही.

१९९४ पासून अमेरिकेत मुलांना उताणे निजविण्याची मोहीम चालली. झोपेतील आकस्मिक मृत्यू निम्म्याच्या आसपास उतरले; मागून चपटी झालेली डोकी मात्र अधिक दिसू लागली. हा चपटेपणा बहुधा निरुपद्रवी असतो. निजविताना मान आलटूनपालटून वळविल्याने आणि मूल जागे असता नजरेखाली काही वेळ पालथे ठेवल्याने तो टाळता येतो. वाशीकडील उताणे निजविण्याची चाल अशा रीतीने आज वैद्यकसंमत ठरली आहे. मोहरीची उशी मात्र नव्हे. श्वास कोंडण्याच्या भयास्तव पहिल्या वर्षात कोणतीच उशी देऊ नये, अंथरूण सपाट व घट्ट असावे, असे वैद्य सांगतात. झोळीत तर मुलाची हनुवटी छातीकडे झुकते.