क्रीडा-दुखापतींचे चित्रफीत-विश्लेषण

खेळाच्या ओघात घडलेल्या दुखापतीचे चलच्चित्रण पुनःपुन्हा, प्रसंगी एकेक चौकट थांबवून पाहून ती कशी घडली याचा शोध घेण्याची संशोधनपद्धती. जखमी खेळाडूच्या सांगण्यावर फारसे विसंबता येत नाही. सांधा दुखावण्याचा क्षण इतका अल्प असतो की, खुद्द खेळाडूलाही त्याचा क्रम आठवत नाही. प्रयोगशाळेत दुखापत मुद्दाम घडवून आणणे नीतीला धरून नाही. त्यामुळे सामन्याचे चित्रण हाच अनेकदा एकमेव प्रत्यक्ष पुरावा उरतो. हा पुरावा कितपत ग्राह्य धरावयाचा, हा या अभ्यासक्षेत्रातील कळीचा प्रश्न होय.

डोळ्यांना न दिसणारी हालचाल कॅमेऱ्याने पकडण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकातला आहे. एडवर्ड मायब्रिज याने 1878 मध्ये कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली. एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकाने 1882 मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा वापरून गतीचे टप्पे नोंदविले. महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून यौगिक क्रियांच्या अभ्यासात क्ष-किरण चित्रांचा आधार घेतला. तो विषय दुखापतींचा नव्हता. मात्र शरीरव्यापारांविषयीचे विधान पारखून घेण्यासाठी चित्राची साक्ष काढण्याची दृष्टी त्यात आहे. क्रिकेटच्या पंचगिरीत ही साक्ष नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बन कसोटीत रूढ झाली. दूरचित्रवाणीवरील पुनर्दर्शन पाहून तिसऱ्या पंचाने धावचीत ठरविलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर हा होय. तेथे प्रश्न एकच होता : यष्टी उडाल्या तेव्हा बॅट रेषेच्या आत होती की बाहेर? दुखापतीच्या बाबतीत असा एकच प्रश्न नसतो आणि बहुधा रेषाही नसते.

या पद्धतीचा पद्धतशीर विकास 2000 च्या सुमारास झाला. गुडघ्याला स्थैर्य देणाऱ्या पुढच्या तिरक्या अस्थिबंधाच्या (एसीएल) दुखापतींवर अमेरिकेत व नॉर्वेत अभ्यास झाले. नॉर्वेतील 2004 च्या अभ्यासात महिला हँडबॉलमधील 20 दुखापतींचे चित्रण तपासण्यात आले. धावता धावता पाय रोवून दिशा बदलणे आणि उडीनंतर एका पायावर उतरणे, हे प्रसंग त्यांत ठळकपणे आढळले. पुष्कळ खेळाडूंच्या गुडघ्याला प्रतिस्पर्ध्याचा धक्काही लागलेला नव्हता. ‘आडदांडपणामुळे गुडघा जातो’ या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

परंतु त्याच संशोधकवर्गातून पद्धतीच्या मर्यादाही पुढे आल्या, ही या विषयाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. ज्या हालचालींतील सांध्यांचे कोन उपकरणांनी आधीच मोजले होते, त्यांचे चित्रण 2007 मध्ये अनुभवी परीक्षकांना दाखविण्यात आले. त्यांनी नुसत्या नजरेने केलेल्या अंदाजांत गुडघ्याचा वाक प्रत्यक्षाहून बराच कमी धरला गेला होता. म्हणजे ‘दुखापतीच्या वेळी गुडघा जवळजवळ सरळ होता’ यांसारख्या आधीच्या निष्कर्षांवर फेरविचार करणे भाग होते. त्यावर उपाय म्हणून एकाहून अधिक कॅमेऱ्यांच्या चित्रणावर संगणकीय सांगाडा जुळवून कोन काढण्याची रीत आली. त्या रीतीने 2010 मध्ये तपासलेल्या 10 दुखापतींत, पाय जमिनीला टेकल्यानंतर सु. 40 सहस्रांश सेकंदांतच अस्थिबंध तुटला असावा, असे अनुमान निघाले. भारतात रूढ असलेल्या दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला 25 चौकटी असतात. म्हणजे एका चौकटीचा अवधीच 40 सहस्रांश सेकंद भरतो. प्रेक्षकाला जे कोसळणे दिसते, ते दुखापतीचे कारण नसून बहुधा तिचा परिणाम असतो.

पुण्याजवळील गहुंजे येथील क्रिकेट मैदानावर घडलेल्या घटना या दृष्टीने उद्बोधक आहेत. 23 मार्च 2021 रोजी तेथे झालेल्या भारत-इंग्लंड एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षण करताना श्रेयस अय्यरचा डावा खांदा, सॅम बिलिंग्जच्या गळ्याच्या हाडाजवळचा सांधा व ऑइन मॉर्गनचा हात असे तीन खेळाडू दुखावले. करोना साथीमुळे मैदानात प्रेक्षक नव्हते. जे काही पाहिले ते कॅमेऱ्यांनीच. याच मैदानावर 19 ऑक्टोबर 2023 रोजी विश्वचषकातील बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यात हार्दिक पंड्याने आपल्याच गोलंदाजीवर आलेला सरळ फटका उजव्या पायाने अडविण्याचा प्रयत्न केला. त्यात तोल जाऊन डावा घोटा दुखावला. तीन चेंडूंनंतर त्याचे षटक विराट कोहलीने पूर्ण केले आणि 4 नोव्हेंबर रोजी पंड्या स्पर्धेबाहेर गेल्याचे जाहीर झाले. पाहणाऱ्याची नजर चेंडूबरोबर उजव्या पायाकडे जाते. दुखापत मात्र दुसऱ्या पायाला. कॅमेराही चेंडूचाच माग काढीत असतो. अय्यर व बिलिंग्ज या दोघांनी चेंडू अडविण्यासाठी झेप घेतली होती. तेवढ्यावरून झेप घेणे धोक्याचे ठरविणे सोपे आहे. पण त्याच सामन्यात किती झेपा निर्वेध पार पडल्या, हे मोजल्याखेरीज तसे म्हणता येत नाही. केवळ जखमींच्या चित्रफिती पाहणाऱ्या संशोधनातील हा सर्वांत मोठा दोष होय.

दर्जा जोखताना म्हणूनच पुढील बाबी पाहिल्या जातात : दुखापतींच्या नोंदीतील कोणत्या घटनांचे चित्रण मिळाले व कोणत्यांचे मिळाले नाही, निदान वैद्यकीय तपासणीने पक्के झाले होते काय, किती कोनांतून व किती वेगाने चित्रण झाले, परीक्षकांनी परस्परांशी न बोलता स्वतंत्रपणे निरीक्षण केले काय व त्यांच्यात मतैक्य किती. दुखापत होणार हे आधीच ठाऊक असलेल्या परीक्षकाला तिची चिन्हे सर्वत्र दिसू लागतात, हा मानवी स्वभाव आहे. या सर्वांचा विचार करून 2023-24 मध्ये क्यूए-सिवास ही 18 बाबींची मूल्यमापनसूची प्रसिद्ध झाली. अशा सूचीत मिळालेले गुण अभ्यासाची काटेकोर मांडणी दाखवितात. विचारलेला प्रश्नच उथळ असेल, तर गुणांनी ते भरून निघत नाही.

हे संशोधन मुख्यतः फुटबॉल, हँडबॉल, बास्केटबॉल, रग्बी या खेळांभोवती फिरते. कबड्डीवरील काम त्या मानाने तुटपुंजे आहे. 2014 पासून व्यावसायिक कबड्डीचे सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले, 2024 मध्ये पुणेरी पलटण या संघाने त्या स्पर्धेचे विजेतेपदही मिळविले. अभ्यासाला लागणारे चित्रण त्यामुळे विपुल झाले आहे. पण त्या खेळाची अडचण निराळी आहे. चढाईपटूवर एकाच वेळी चारपाच बचावपटू तुटून पडतात आणि ज्या क्षणी गुडघा किंवा घोटा पिळला जातो, नेमक्या त्याच क्षणी तो अंगांच्या ढिगाखाली झाकला जातो. मैदानाच्या कडेला उंचावर लावलेला एखादा कॅमेरा तेथे अपुरा पडतो. शिवाय प्रक्षेपित सामन्यांतील खेळाडू मॅटवर, वैद्यकीय पथकाच्या देखरेखीखाली खेळतात. गावोगावच्या स्पर्धांत मातीवर खेळणाऱ्या मुलांच्या दुखापतींचे चित्रण सहसा नसते आणि निदानाची नोंदही क्वचितच ठेवली जाते. नॉर्वेत हँडबॉलपटूंसाठी आखलेल्या सरावपूर्व व्यायामांनी गुडघ्याच्या व घोट्याच्या तीव्र दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्याचे 2005 मध्ये दिसून आले. त्यामागे दुखापत नेमकी कशी होते याचा आधीचा अभ्यास होता. कबड्डीपटूंसाठी तसे व्यायाम आखावयाचे, तर मातीवरच्या खेळाचे चित्रण व वैद्यकीय नोंद एकत्र ठेवण्यापासून सुरुवात करावी लागेल.