'बोर्डिंग अँड लॉजिंग'मधलं बोर्डिंग म्हणजे राहणं की जेवण?

एसटी स्टँडबाहेर पडलं की हमखास एक पाटी दिसते : 'बोर्डिंग अँड लॉजिंग'. लॉजिंग म्हणजे राहण्याची सोय, हे बहुतेकांना माहीत असतं. मग बोर्डिंग म्हणजे? बोर्डिंग स्कूलमध्ये मुलं राहतात, म्हणून अनेकांना तेही राहणंच वाटतं. पण इथे बोर्डिंग म्हणजे जेवण!

जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी. फळी मांडून तिच्यावर जेवण ठेवायचे, म्हणून जेवणाच्या टेबलाला बोर्ड म्हणू लागले आणि पुढे त्यावरच्या जेवणालाही. जहाजाच्या कडेलाही बोर्डच म्हणत. विमानतळावरचा 'बोर्डिंग पास' तिकडून आलाय, त्याचा जेवणाशी संबंध नाही. 'लॉज' मात्र मूळचा फ्रेंच, अर्थ झोपडी किंवा निवारा.

महाराष्ट्रात या शब्दाला वेगळंच वजन आहे. पूर्वी शिकायला शहरात आलेल्या गरीब मुलापुढे खोलीइतकाच मोठा प्रश्न दोन वेळच्या जेवणाचा असे. कुणी माधुकरी मागे, कुणी वार लावून जेवे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पण ही सोय जात बघून मिळायची. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, त्यानंतर तिथे इतर समाजांचीही वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात तर वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. अशा संस्थांमुळे मराठीत बोर्डिंग म्हणजे वसतिगृह हा अर्थ रुळला. त्यामुळे 'आजोबा बोर्डिंगात शिकले' हे वाक्य अजिबात चूक नाही.

ऑनलाइन बुकिंग करताना मात्र जुना अर्थच कामाला येतो. 'फुल बोर्ड' म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण. 'हाफ बोर्ड' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेकदा रात्रीचं. आपल्याकडची हॉटेलं यालाच अनुक्रमे एपी आणि एमएपी म्हणतात. सीपी असेल तर फक्त नाश्ता आणि ईपी असेल तर नुसती खोली. 'हाफ बोर्ड' वाचून अर्धा दिवस राहायचं असं समजू नका! आणि पाटीवर फक्त 'लॉजिंग' असेल, तर रात्री उशिरा पोहोचण्याआधी जेवून घ्या किंवा जवळची खाणावळ कधी बंद होते ते फोनवर विचारून ठेवा.