गोळा, सांधा आणि सिग्नल : तापी खोऱ्यातील रेल्वेचा एक दुर्लक्षित अध्याय

सुरतेच्या रेल्वेचा इतिहास सांगताना पूल, स्टेशने आणि गाड्यांची नावे हटकून येतात. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून जी व्यवस्था उभी राहिली, तिची नोंद मात्र क्वचितच होते. आपल्यापैकी अनेक घराणी ज्या मार्गाने खानदेशातून सुरतेस आली, त्या तापी खोऱ्याच्या मार्गाच्या संदर्भात ती समजून घेणे उचित ठरेल.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८६० साली अंकलेश्वर-उत्राण मार्ग खुला केला आणि १८६४ साली सुरत मुंबईशी जोडली गेली. पुढे १९००च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे व्यारा, नवापूर, नंदुरबारवरून अमळनेरला पोहोचली. हा मार्ग दीर्घकाळ एकेरी होता. एकाच रुळावर दोन्ही दिशांच्या गाड्या, आणि दोन स्टेशनमास्तर कोसांच्या अंतरावर. तारेने आलेला निरोप ऐकण्यात चुकला किंवा विस्मरणात गेला, तर समोरासमोर टक्कर ठरलेली.

यावरचा उपाय म्हणून भारतातील एकेरी मार्गांवर गोळ्याचे टोकन यंत्र रूढ झाले. दोन स्टेशनांवरील यंत्रे विजेने जोडलेली असत. पुढच्या मास्तराची संमती मिळाल्याखेरीज इकडे गोळा निघत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोहोंपैकी एकाही यंत्रातून दुसरा सुटत नसे. वेताच्या कड्यातला तो गोळा हाती पडल्यावरच चालक गाडी हाकी. तोंडी शब्दाला असे वस्तुरूप मिळाले.

सिग्नलचा आडवा हात थांबण्यास सांगे, झुकलेला हात निघण्यास. 'सिग्नल पडला' हा वाक्प्रयोग त्यातूनच आला. तार तुटली, तर वजनाच्या योगाने हात पुन्हा आडवा होई. या दक्षतेमागे कटू अनुभव आहे. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे बर्फाने सिग्नलचे हात 'निघा' दाखवीत गोठले आणि वेगवान गाडी मालगाडीवर आदळली. यंत्र बिघडलेच तर त्याने गाडी थांबवलीच पाहिजे, हे तत्त्व तेथून दृढ झाले.

सांधा योग्य दिशेस वळून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल मिळू नये, ही अंतर्बंधनाची योजनाही त्याच जातीची. तरीही २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे सिग्नल मुख्य मार्गाचा आणि सांधा बाजूच्या मार्गाचा, असे घडले. २९०हून अधिक जीव गेले. चौकशीत दोष आढळला तो तारांच्या जोडणीत, म्हणजे माणसाच्या कामात.

२०२० साली राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेली 'कवच' यंत्रणा रुळांवरील खुणा आणि रेडिओ संदेश वाचते. चालक थांबला नाही, तर स्वतः ब्रेक लावते. गोळ्याने गाडीची निघण्याची परवानगी नियमबद्ध केली; कवच ती परवानगी गाडी चालू असतानाही तपासते. परंतु जोडणी करणारा व ती पुन्हा तपासून पाहणारा हात दोन्ही काळांत तितकाच मोलाचा.

तापी खोऱ्याचा मार्ग आता दुहेरी झाला आहे. तेथे सेवा केलेल्या मास्तरांच्या आणि सांधेवाल्यांच्या आठवणी ज्या घरांत अद्याप सांगितल्या जातात, त्यांनी त्या वेळीच लिहून ठेवाव्यात. या शहराच्या इतिहासाला त्यांची गरज आहे.