गुंठा : तेहेतीस फुटांच्या साखळीची कुळकथा

पुण्याच्या कडेने वाघोली, उरुळी, चाकण कुठेही प्लॉट पाहायला जा, भाव गुंठ्याने सांगतात. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हे दलालापासून पहिल्यांदा जागा घेणाऱ्या जोडप्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असते. हजार नाही, अकराशे नाही, नेमके 1089. या आडनिड्या आकड्याचे मूळ एका लोखंडी साखळीत आहे आणि ती साखळी आधी इंदापूर तालुक्याच्या शेतांवरून फिरलेली आहे.

त्यापूर्वी आपल्याकडे जमीन काठीने मोजत. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी धरली जाई. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. अण्णाजी दत्तोंच्या काळात याच मापाने गावोगाव मोजणी झाली. हिशोब चोख होता, पण पुढच्या शे-दीडशे वर्षांत काठी गावागणिक लहानमोठी झाली. एका गावचा बिघा दुसऱ्या गावच्या बिघ्याशी जुळेना. जमीन किती यावरच सारा ठरत असल्याने मापातला फरक थेट कुणब्याच्या कणगीत दिसे.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने पुणे जिल्ह्यात नव्याने मोजणी सुरू केली. 1820 च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेले हे काम पार फसले. मोजणीत चुका होत्या आणि उत्पन्नाचे अंदाज फुगवलेले होते. सारा इतका जड झाला की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. ते निस्तरायला 1835 साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांना इंदापुरात पाठवले गेले. त्यांनी सारा कमी केला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. मोजणीची रीतही बसवली. 1847 च्या संयुक्त अहवालाने तीच रीत मुंबई इलाख्याची झाली. गुंठ्याचे आजचे पक्के माप या रीतीतले.

एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 साली 66 फुटांची मोजणीसाखळी रूढ केली होती. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्याने तिच्या निम्मी, 33 फुटांची साखळी घेतली. 33 गुणिले 33 बरोबर 1089. अशा चाळीस चौकटी मिळून 43,560 चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर भरतो. ही एक चौकट म्हणजे गुंठा.

या मापाची खरी करामत बांधावर कळते. शेत वीस साखळ्या लांब आणि दहा साखळ्या रुंद भरले, तर गुणाकार दोनशे. तेच दोनशे गुंठे, म्हणजे पाच एकर. फुटांचा हिशोब नाही, अपूर्णांक नाहीत. साखळीचे भाग सोळा, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा, दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टी धरली, तर क्षेत्रही एक आणा, म्हणजे गुंठ्याचा सोळावा हिस्सा. त्या काळी रुपया सोळा आण्यांचा होता आणि जमिनीची प्रतसुद्धा आण्यांतच ठरवत. पैशाचा हिशोब करू शकणाऱ्या माणसाला आपल्या शेताचाही हिशोब करता येत होता. काटकोनासाठी शंकू, लांबीसाठी साखळी आणि भरलेले आकडे उतरवायला टिपण, एवढ्या साहित्यावर हजारो गावे मोजली गेली. आजही हद्दीचा वाद विकोपाला गेला की भूमी अभिलेख कार्यालयात मूळ टिपण काढले जाते. मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कर्नाटकात गुंठा आहेच, आणि पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातल्या तेलंगणातही जमीन अजून गुंठ्यानेच बोलली जाते.

मेट्रिक पद्धत आली तेव्हा सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले. आर म्हणजे 100 चौरस मीटर, सुमारे 1076 चौरस फूट. फरक फक्त तेरा चौरस फुटांचा, म्हणून ‘एक आर म्हणजे एक गुंठा’ असे सर्रास धरले जाते. शेताच्या व्यवहारात ते खपून जाई. पण चाळीस आर आणि एक एकर यांत 504 चौरस फुटांचे अंतर पडते. शहरालगत तेवढ्या जागेत एका कुटुंबाचे घर उभे राहते.

विंगेटच्या हिशोबात गुंठा ही एकराखालची मोड होती. एका गुंठ्याचे शेत कोणाच्या मनात नव्हते. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानेही तीच जाण ठेवली. आज राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 आर आणि बागायतीला 10 आर यापेक्षा लहान तुकडा शेती म्हणून पाडता येत नाही. शहरे मात्र पसरत राहिली. गावाकडून आलेल्या माणसाला फ्लॅट परवडेना, पण एक गुंठा परवडला. मंजूर रेखांकनाशिवाय शेतांचे तुकडे पडले, घरे झाली, वस्त्या झाल्या, आणि 2001 साली त्या नियमित करण्यासाठी कायदा करावा लागला. त्याच्या नावातच ‘गुंठेवारी’ आहे. 2021 साली दुरुस्ती करून 2020 अखेरपर्यंतची बांधकामे त्यात घेतली गेली. 2025 साली शहरी भागातल्या एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना तुकडेबंदीतून मोकळीक देण्याचे सरकारने ठरवले. सारा ठरवण्यासाठी आलेले माप असे घराचे माप झाले.

याबद्दल मला खंत नाही. कष्टाच्या पैशातून घेतलेला गुंठा ही लाखो कुटुंबांची पहिली मालकीची जागा आहे. काळजी वेगळीच आहे. जुन्या रीतीत आधी साखळी जमिनीवर पडे, मग टिपण होई, मग क्षेत्राचा आकडा लिहिला जाई. आजच्या बाजारात आकडा आधी येतो. ‘एक गुंठा’ म्हणून पैसे घेतले जातात, फक्कीने चौकोन आखून दाखवतात, आणि रस्ता धरून गुंठा की रस्ता सोडून, हे खरेदीखताच्या दिवशी कळते. अनेकांच्या हाती सामाईक सातबाऱ्यावर नुसते नाव लागते. त्यांचा तुकडा नेमका कुठे आहे, हे कोणत्याही नकाशावर नसते.

म्हणून जागा घेणाऱ्याने भावाआधी मोजणी विचारावी. मंजूर रेखांकन पाहावे, सरकारी मोजणीची ‘क’ प्रत मागावी, रस्त्याची रुंदी आणि तो कोणाच्या नावावर आहे ते तपासावे, आणि टेप धरून चारही बाजू स्वतः मोजाव्यात. 1089 हा आकडा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकला, कारण त्यामागे कोणीतरी बांधावर उभे राहून केलेली मोजणी होती. ती नसेल तर आपण गुंठा विकत घेत नाही, गुंठ्याचे नाव विकत घेतो.