इशीचे धनुष्य : साडेतीन फूट लाकूड आणि हरणाच्या कंडरा

१/१६
२९ ऑगस्ट १९११. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात एक उपाशी, थकलेला मनुष्य सापडला. वय पन्नाशीच्या आसपास. त्याची भाषा गावात कोणालाच कळेना. शेरीफने त्याला कोठडीत ठेवले आणि वृत्तपत्रांनी ‘रानटी माणूस सापडला’ असा गाजावाजा केला. आखूड, कंडरा चढवलेल्या धनुष्याची एक संपूर्ण विद्या या माणसाच्या हातांत होती. त्या विद्येचा हा इतिहास.

२/१६
तो याही होता. याना लोकांची ही सर्वांत दक्षिणेकडची शाखा. लासेन पर्वताच्या पायथ्याशी, मिल क्रीक आणि डिअर क्रीक या ओढ्यांच्या खोल दऱ्यांत त्यांची वस्ती होती. १८४८ नंतर सोन्याच्या शोधात गोऱ्यांचे लोंढे कॅलिफोर्नियात आले. पुढच्या दोन-अडीच दशकांत हत्याकांडे, रोगराई आणि उपासमार यांनी याही जवळजवळ संपले. उरलेली मूठभर माणसे सुमारे ४० वर्षे दऱ्यांत लपून राहिली.

३/१६
१९०८ मध्ये भूमापन करणाऱ्या एका तुकडीला त्यांची लपलेली वस्ती सापडली. तेव्हा तेथे चारच माणसे उरली होती. तुकडीतील लोकांनी झोपड्यांमधल्या वस्तू उचलून नेल्या. ज्यांचे पोट धनुष्यबाणावर आणि साठवलेल्या धान्यफळांवर चालते, त्यांच्या दृष्टीने ही लूट जीवघेणी होती. तीन वर्षांनी ओरोव्हिलला पोहोचला तो एकटा.

४/१६
मानववंशशास्त्रज्ञ थॉमस वॉटरमन याना शब्दांची यादी घेऊन कोठडीत आला. एकेक शब्द तो वाचत गेला. बराच वेळ प्रतिसाद मिळेना. अखेर ‘सिविनी’, म्हणजे पिवळा पाइन, हा शब्द उच्चारून त्याने खाटेच्या लाकडी चौकटीवर हात ठेवला, तेव्हा कैद्याचा चेहरा उजळला. दोघांमधला पहिला पूल एका लाकडाच्या नावाने बांधला गेला.

५/१६
त्याला सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात आणण्यात आले. स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगणे त्याच्या रिवाजात बसत नव्हते आणि ते सांगणारे दुसरे कोणी उरले नव्हते. म्हणून आल्फ्रेड क्रोबर या अभ्यासकाने त्याला ‘इशी’ म्हटले. याना भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’. खरे नाव जगाला कधीच कळले नाही.

६/१६
संग्रहालयाशेजारीच विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथील शल्यविशारद सॅक्स्टन पोप इशीवर उपचार करता करता त्याचा मित्र झाला आणि पुढे धनुर्विद्येतील शिष्य. डॉक्टर पाहत होता, मोजत होता, लिहून घेत होता. आज याही धनुष्याबद्दल जे तपशील ठाऊक आहेत, ते मुख्यतः या मैत्रीमुळे.

७/१६
आता धनुष्याकडे वळू. इशी त्याला ‘मनी’ म्हणे. लांबी साधारण साडेतीन फूट. तीही फूटपट्टीने ठरत नसे : आडवा पसरलेला हात आणि विरुद्ध बाजूचे कंबरेचे हाड यांच्यामधले अंतर, एवढे धनुष्य. माप माणसागणिक बदलणार, म्हणजे प्रत्येक धनुष्य आपल्या धन्याच्या अंगाचे.

८/१६
लाकूड डोंगरी जुनिपरचे. झाडाची फांदी उभी चिरून तिचा बाहेरचा भाग घ्यायचा, सालीलगतच्या कोवळ्या लाकडासह. मग खरवडून आणि वालुकाश्मावर घासून आकार द्यायचा. टोके तापलेल्या दगडावर टेकवून मागे वाकवायची आणि दुसऱ्या लाकडाला बांधून ठेवायची. त्यानंतर अंधाऱ्या, कोरड्या जागी मुरवण. कधी काही महिने, कधी काही वर्षे.

९/१६
येथवर झाले ते साधे लाकडी धनुष्य. त्याची एक मर्यादा आहे. धनुष्य ओढले की धनुर्धाऱ्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते आणि लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. लाकूड दाब बऱ्यापैकी सोसते, पण ताणले तर मूळ लांबीच्या सुमारे एका टक्क्यापलीकडे टिकत नाही. धनुष्य जितके आखूड, तितका पाठीवरचा ताण अधिक. आखूड धनुष्य पूर्ण ओढले की पाठीवर तडा जातो.

१०/१६
यावरचा उपाय म्हणजे कंडरा : स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चिवट दोरी. ती तुटण्यापूर्वी लाकडाच्या कित्येक पट ताणली जाते आणि सोडताच झटक्याने मूळ लांबीवर येते. हे अस्तर पाठीवर चढवले की ताण कंडरा घेते आणि दाब लाकूड. आखूड धनुष्य न मोडता खोलवर ओढता येते.

११/१६
इशीची पद्धत अशी. सॅल्मन माशाची कातडी उकळून सरस करायचा. धनुष्याची पाठ खरखरीत करून तिच्यावर तो लावायचा. हरणाच्या पायाच्या कंडरा चावून चावून मऊ करायच्या, त्यांचे तंतू सुटे करायचे आणि एकाचे टोक दुसऱ्यावर येईल अशा बेताने पाठभर जाड थर द्यायचा. टोकांशी कंडरा लाकडाभोवती पूर्ण गुंडाळायची.

१२/१६
मग विलोच्या, म्हणजे वाळुंजाच्या जातीतल्या झाडाच्या सालीच्या पट्ट्यांनी सारे करकचून बांधायचे. वाळताना कंडरा आकसते आणि पाठीला घट्ट धरते. काही दिवसांनी पट्ट्या सोडून कडा साफ करायच्या, पुन्हा सरस लावायचा, वालुकाश्माने गुळगुळीत करायचे आणि मुठीवर हरणाच्या कातड्याची वादी गुंडाळायची. प्रत्यंचाही कंडरेचीच, पण अधिक बारीक तंतूंची. असे धनुष्य ओढायला ४०-४५ पौंड, म्हणजे १८ ते २० किलो जोर लागे.

१३/१६
हे तत्त्व एकट्या याहींचे नव्हते. वायव्य कॅलिफोर्नियातील युरोक व हुपा लोक यू झाडाच्या लाकडावर कंडरा चढवीत. मैदानी प्रदेशातील घोडेस्वारांना आखूड धनुष्य सोयीचे, म्हणून त्यांच्याकडेही ती होती. आशियात याला शिंगाची जोड मिळाली : पोटाला शिंग, मध्ये लाकूड, पाठीला कंडरा. मुघल फौजांची संयुक्त धनुष्ये याच घराण्यातली. दोन्हीकडे शत्रू एकच, ओलावा. दमट हवेत सरस आणि कंडरा दोन्ही ढिले पडतात.

१४/१६
इशीच्या लेखी धनुष्य सजीवासारखे होते. काम नसताना ते आडवे ठेवायचे. उभे ठेवले तर ते श्रमते, घामेजते आणि दुबळे होते. त्याला ओलांडून जायचे नाही. कधी तो त्याचे एक टोक ओठांच्या कोपऱ्याशी धरून प्रत्यंचेवर बाणाने हलके टिचके मारी आणि त्यातून मंद सूर निघे. शिकारीचे हत्यार अशा वेळी वाद्य होई.

१५/१६
२५ मार्च १९१६ रोजी क्षयाने इशीचे निधन झाले. शवविच्छेदन होऊ नये असे क्रोबरने न्यूयॉर्कहून पत्राने कळवले होते, तरी ते झाले. मेंदू काढून पुढे स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवण्यात आला. त्याच्या आप्तवंशीयांच्या हाती तो पडायला २००० साल उजाडावे लागले. ज्या विद्यापीठाने त्याच्या हातांतील विद्या जपली, त्याच विद्यापीठात त्याच्या देहाचा मान राखला गेला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत.

१६/१६
१९१८ मध्ये पोपने याही धनुर्विद्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आज जगभर हौशी कारागीर कंडरा चढवून धनुष्ये घडवतात, त्यांतील अनेकांना वाट दाखवणारी नोंद ती हीच. लाकूड, सरस, तंतू, मापे, सारे तिच्यात उतरले. इशीला ही विद्या ज्यांनी शिकवली, त्या माणसांची नावे मात्र तिच्यात नाहीत. दहनापूर्वी मित्रांनी त्याच्या शवपेटीत ओकफळांच्या पिठाची टोपली, शिंपल्यांचे मणी, थोडी तंबाखू आणि पाच बाण ठेवले. आणि सोबत त्याचे एक धनुष्य.